माहेरी बाळंतपण, सासरी पॅरिश: बाळाच्या बाप्तिस्म्याची तयारी पायरीपायरीने

बाप्तिस्म्याची तयारी बहुतेक घरांत हॉलपासून सुरू होते. हॉल, केटरर, केक, पांढरा झगा, सगळं ठरतं आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात अजून कोणी गेलेलंच नाही. मग बाळंतिणीची धावपळ: एका हातात पंधरा दिवसांचं बाळ, दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडून कोणीतरी विचारतंय, "गॉडफादरचं कन्फर्मेशन झालंय का?"

हा लेख महाराष्ट्रातल्या कॅथॉलिक घरांसाठी आहे. वसई, मुंबई, पुणे, कुठेही मूळ नियम तेच. फॉर्म, क्लासची वेळ, बाप्तिस्म्याचा रविवार एवढं पॅरिशनुसार बदलतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पद्धत वेगळी असते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्माही होतो आणि मूल मोठं होईपर्यंत थांबणाऱ्यांसाठी अर्पणाचा विधीही असतो. तिथल्या पाळकसाहेबांनाच विचारावं.

१. पहिला प्रश्न: वही कुठल्या चर्चची?

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे बाप्तिस्माही माहेरच्या चर्चमध्ये उरकावा असं आईला वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण एक गोष्ट आधी माहीत हवी. बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये होतो, त्याच चर्चच्या नोंदवहीत बाळाचं नाव चढतं आणि ती नोंद दुसरीकडे कधी हलत नाही. पुढे दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं, लग्न झालं, की त्याची खबर त्या मूळ चर्चला जाते आणि त्याच नोंदीच्या समासात लिहिली जाते. पंचवीस वर्षांनी लग्नासाठी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागेल तेव्हा मूल पुण्यात असो की दुबईत, दाखला मिळणार माहेरच्या त्या चर्चमधूनच. लहानपणी काढून ठेवलेला जुना दाखला लग्नाला चालत नाही, कारण त्यावर मधल्या काळातल्या समासातल्या नोंदी नसतात.

म्हणून निर्णय दोघांनी मिळून, सातव्या-आठव्या महिन्यातच घ्या. माहेरी करायचं ठरलं तर तुम्ही सध्या राहता त्या पॅरिशच्या फादरांचं परवानगीचं पत्र लागतं. लग्नानंतर सासरच्या पॅरिशमध्ये तुमचं नावच चढवलेलं नसेल, तर हे पत्र अडतं. हा सगळ्यात जास्त आढळणारा घोळ. लग्न होऊन दोन वर्षं झाली, भाड्याच्या घरात राहायला गेलो, रविवारी मिस्सेला जातो, पण पॅरिशच्या फॅमिली कार्डावर नाव नाही. ते काम आजच करून टाका.

२. धर्मपिता आणि धर्ममाता (गॉडफादर आणि गॉडमदर)

"पहिल्याला दिराला मान द्यायचा, दुसऱ्याला मामाला" असा हिशेब घरोघर चालतो. चर्चचा हिशेब वेगळा आहे. कॅनन ८७४ (चर्चच्या कायद्यातलं कलम) प्रमाणे धर्मपिता किंवा धर्ममाता होणारी व्यक्ती

- कॅथॉलिक हवी, तिचं प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्रहण (फर्स्ट कम्युनियन) आणि दृढीकरण झालेलं हवं;
- तिला सोळा वर्षं पूर्ण हवीत (बिशपांनी वेगळं वय ठरवलं असेल तर ते);
- ती बाळाची आई किंवा वडील असता कामा नये;
- तिचं जगणं त्या जबाबदारीला साजेसं हवं.

एकच व्यक्ती असली तरी चालते. दोघं असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. दोन मावश्या किंवा दोन काका चालत नाहीत.

अडतं ते दृढीकरणावर. चुलतभाऊ बत्तीस वर्षांचा, कॉयरमध्ये गातो, पण दहावीच्या वर्षी दृढीकरणाचा वर्ग बुडाला तो बुडालाच. हे ऐन वेळी कळलं की घरात रुसवेफुगवे होतात. तेव्हा मान देण्याआधी विचारा आणि दाखला हातात आल्यावरच नातेवाइकांत जाहीर करा.

जवळची मैत्रीण प्रोटेस्टंट असेल तर तिला ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभं राहता येतं, पण सोबत एक कॅथॉलिक धर्मपिता किंवा धर्ममाता हवीच. मैत्रीण ख्रिस्ती नसेल तर तिला या भूमिकेत उभं करता येत नाही. तिला फोटोंची, बाळाच्या पिशवीची जबाबदारी द्या. ती कामंही लहान नाहीत.

आखातात किंवा बोटीवर असलेला मामा? व्हिडिओ कॉलवरून धर्मपिता होता येत नाही. त्याच्या वतीने प्रतिनिधी उभा करण्याची सोय आहे, मात्र त्याचे दाखले तेवढेच लागतात आणि फादरांशी आधी बोलावं लागतं. वहीत नाव मामाचं चढतं की प्रतिनिधीचं, हे त्याच वेळी स्पष्ट विचारून घ्या.

३. नाव आणि स्पेलिंग

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. ती बहुतेक वेळा हॉस्पिटलच कळवतं, पण बाळाचं नाव त्यात नसलं तरी नोंद होते. नाव नंतर घालता येतं: एका वर्षाच्या आत फी न भरता, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, आधार या सगळ्याला जन्मदाखलाच आधार आहे. तेव्हा आधी महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला नावासह काढा आणि मग तेच नाव, त्याच स्पेलिंगने चर्चच्या फॉर्मवर लिहा. उलट क्रम केला की दोन कागदांवर दोन नावं होतात.

आपल्या आडनावांचा त्रास वेगळाच. रॉड्रिग्जच्या शेवटी एस की झेड? डिसोझामध्ये डी नंतर वरचा स्वल्पविराम आहे की नाही? लोपीसमध्ये आय की ई? आजोबांच्या कागदावर एक, वडिलांच्या आधारवर दुसरं. वडिलांच्या पासपोर्टवर किंवा आधारवर जे आहे तेच बाळाला लावा आणि ते कॅपिटल अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून फॉर्मला टाचा. चिठ्ठी लावलेल्या फॉर्ममध्ये चुका कमी होतात.

संताचंच नाव हवं असा नियम नाही. ख्रिस्ती भावनेला विपरीत नसावं, एवढीच अट कॅनन ८५५ मध्ये आहे. आनंद, करुणा, ज्योती ही नावं चर्चमध्ये पूर्वीपासून चालतात. "चर्चसाठी एक नाव, घरात एक, शाळेत एक" हा प्रकार मात्र टाळा. लाडाचं नाव लाडापुरतं राहू द्या.

४. पॅरिश ऑफिसात न्यायचे कागद

प्रत्येकाची मूळ प्रत दाखवायला आणि एक झेरॉक्स द्यायला:

- बाळाचा जन्मदाखला (तो यायचा असेल तर हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड चालेल का, हे विचारा)
- आईवडिलांचा चर्चमधला विवाहाचा दाखला
- आईचं माहेरचं पूर्ण नाव, स्पेलिंगसह (वहीत आईचं माहेरचं आडनाव विचारतात)
- धर्मपिता-धर्ममाता यांचे दृढीकरणाचे दाखले, किंवा त्यांच्या पॅरिशचं पत्र
- दुसऱ्या चर्चमध्ये करणार असाल तर स्वतःच्या पॅरिशचं परवानगीपत्र
- फॅमिली कार्ड
- बाप्तिस्मा तयारी वर्गाला बसल्याची चिठ्ठी

वर्गाला आईवडील दोघांनी आणि शक्यतो धर्मपालकांनीही बसायचं असतं. बाळंतपणाआधीच वर्ग करून घेता येतो का, ते विचारा. आठव्या महिन्यात तासभर खुर्चीत बसणं सोपं, टाके ओले असताना नाही.

संस्काराला किंमत नसते. पॅरिशची ठरलेली देणगी असेल तर ती द्यावी, पावती घ्यावी. ऐपत नसेल तर फादरांना सरळ सांगावं; पैशांअभावी कोणाचाही बाप्तिस्मा अडवता येत नाही.

जोडीदार ख्रिस्ती नसेल तर आईवडिलांपैकी एकाची संमती पुरते. पण कायद्याला पुरतं ते घराला पुरत नाही. कॅथॉलिक जोडीदाराने लग्नाच्या वेळी मुलांच्या बाप्तिस्म्याबद्दल वचन दिलेलं असतं, ते सासूसासऱ्यांना बहुधा कोणी सांगितलेलं नसतं. बारशाच्या दिवशी पाहुण्यांसमोर हा विषय निघण्यापेक्षा बाळ पोटात असतानाच निघू द्या.

५. तारीख धरताना लसीचं कार्ड समोर ठेवा

चर्च म्हणतं पहिल्या काही आठवड्यांत. घर म्हणतं सव्वा महिना होऊ दे. आणि सरकारी लसीकरणात सहा आठवड्यांचा, म्हणजे साधारण बेचाळिसाव्या दिवसाचा डोस असतो. सव्वा महिना संपल्यावरचा पहिला रविवार धरला की तो नेमका या डोसच्या आसपास येतो. त्यातल्या पेंटाव्हॅलंट लसीनंतर दिवस-दोन दिवस ताप आणि मांडीला सूज येऊ शकते. अशा मांडीला धरून बाळाला झग्यात कोंबलं की पुढचा तासभर रडणंच ऐकायचं. डोसच्या आधीचा रविवार घ्या किंवा नंतर निदान तीन-चार दिवस मोकळे ठेवून पुढचा. लस पुढे ढकलू नका; तारीख हलवा.

बऱ्याच पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याचा रविवार ठरलेला असतो आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात बाप्तिस्मे ठेवत नाहीत. डिसेंबर आणि मे हे पाहुण्यांचे महिने, तेव्हा एका वेळी आठ-दहा बाळं असतात. एक रडलं की सगळी. शांत विधी हवा असेल तर जून-जुलै बघा, फक्त छत्री आणि कोरडे लंगोट जास्त घ्या.

भाषाही विचारून ठेवा. वसईत विधी मराठीत होईल, मुंबईच्या पॅरिशमध्ये कदाचित इंग्रजीत. धर्ममातेला उत्तरं द्यायची आहेत, तिला जी भाषा येते तिची पुस्तिका आदल्या आठवड्यात हातात द्या.

६. कपडे आणि पिशवी

दुकानातला नेटचा फुगीर झगा फोटोत छान दिसतो, पण विधीत त्याची अडचणच होते. एक तेल छातीवर लावतात, म्हणून झगा पुढून उघडणारा हवा, निदान वरची दोन बटणं किंवा नाडी. मागे चेन असलेला झगा असेल तर फादर तेलाचा अंगठा घेऊन थांबतात आणि आई घामाघूम होते. आत मलमलचं झबलं घाला. बाही सैल हवी: बीसीजीची लस डाव्या दंडावर असते आणि चार-सहा आठवड्यांत तिथे फोड येतो, लेसची बाही त्यावर घासते. टोपी गाठीची नको, पटकन निघेल अशी.

पिशवीत: दोन मऊ सुती टॉवेल (एक मानेखाली, एक डोकं टिपायला), कोरडं झबलं, तीन लंगोट किंवा डायपर, दुपटं, ओढणी किंवा स्टोल, पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती. शेवटच्या दोन गोष्टी पॅरिश देतं की घरून आणायच्या, हे फॉर्म भरतानाच विचारा.

दूध विधीच्या अर्धा-पाऊण तास आधी पाजा आणि ढेकर काढा. दारात उभं राहून घाईत पाजलं, आणि लगेच डोकं मागे झुकवलं, की दूध बाहेर येतं. थेट पांढऱ्या झग्यावर.

७. विधी चालू असताना

सुरुवात बहुधा दारात. फादर विचारतात, बाळाला कोणतं नाव देता? आणि चर्चकडून काय मागता? पहिल्याला फॉर्मवरचं पूर्ण नाव, लाडाचं नाही. दुसऱ्याचं उत्तर: बाप्तिस्मा. मग फादर बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात, पाठोपाठ आईवडील आणि धर्मपालक. अंगठ्याने, हलकेच, टाळू भरलेली नसते.

वाचन आणि प्रार्थना झाल्यावर छातीवर तेल. मग सगळे बाप्तिस्मा कुंडाकडे. इथे सैतानाला नाकारण्याचे आणि विश्वासाचे प्रश्न येतात. उत्तर तुम्ही आणि धर्मपालकांनी द्यायचं, मोठ्याने. बाळाच्या वतीने पुटपुटू नका, हा तुमचाच विश्वासांगीकार आहे.

पाणी घालण्याच्या क्षणी बाळ कसं धरायचं, हे घरी टॉवेल घेऊन दोनदा करून बघा. बाळाची पाठ तुमच्या डाव्या हातावर, मान आणि डोकं तळव्यात, डोकं कुंडावर आणि पायांपेक्षा किंचित खाली. पाणी कपाळाकडून मागे वाहून जायला हवं, चेहऱ्यावर किंवा कानात येता कामा नये. बाळ पूर्ण उताणं, डोकं लोंबतं असं धरलं तर दचकून हात पसरतं आणि रडतं. फादर तीनदा पाणी ओततात: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. हिवाळ्यात पाणी कोमट करता येईल का, असं आधी विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

डोकं टिपा, चोळू नका. लगेच माथ्यावर ख्रिस्म लागतं. बिशपांनी आशीर्वादित केलेलं हे तेल ऑलिव्हचं आणि सुगंधी बाल्सम मिसळलेलं असतं. घरी जाईपर्यंत बाळाच्या टाळूला तो वास राहतो. आज्या मुद्दाम हुंगतात. त्या दिवशी डोकं साबणाने धुवू नका, पण पुरळ उठली तर निःशंक पुसा.

मग पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून ती पेटवतात, सहसा वडील किंवा धर्मपिता. मेणबत्ती धरणारा बाळ धरणाऱ्यापासून हातभर लांब उभा राहील, हे आधी सांगून ठेवा. नेटचा झगा, स्टोल आणि ज्योत यांची गाठ पडू द्यायची नाही. शेवटी आशीर्वाद असतात, आणि त्यात पहिला आईचा. फोटोवाला तेव्हा बहुधा केकच्या मागे गेलेला असतो. त्याला थांबवून ठेवा.

थोरलं भावंड असेल तर

तीन-चार वर्षांच्या दादाला किंवा ताईला वाटतं, सगळे त्या छोट्याकडेच बघतायत. आठवडाभर आधी बाहुली आणि पाण्याचा मग घेऊन बाप्तिस्म्याचा खेळ खेळा: नाव काय, पाणी, टॉवेल, पांढरा रुमाल. प्रत्यक्षात पांढरं वस्त्र न्यायचं काम त्याचं. मेणबत्ती पाच वर्षांखालच्या हातात नको. आणि एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी राखून ठेवा, ज्याला तो शूला नेणं आणि मध्येच बाहेर घेऊन जाणं जमेल.

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर

जिवाला धोका असेल तर फादरांची वाट बघू नका. कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नर्सही, ख्रिस्ती नसलेली व्यक्तीही. चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू हवा. डॉक्टरांना विचारून निर्जंतुक पाणी सिरिंजमध्ये घ्या, बाळाच्या डोक्यावर कातडीवरून वाहील इतकं घाला, आणि घालता घालता म्हणा: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." कापसाने ओलं करणं पुरत नाही, पाणी वाहिलं पाहिजे. तारीख, वेळ, कोणी दिला आणि कोण साक्षीला होतं हे लगेच कागदावर लिहा आणि पॅरिशला कळवा. बाळ बरं होऊन घरी आलं की चर्चमध्ये तेल, वस्त्र, मेणबत्ती हे उरलेले विधी होतात. पाणी पुन्हा घालत नाहीत, बाप्तिस्मा एकदाच.

८. घरी जाण्याआधी वही बघा

मिस्सा संपली, फोटो झाले, सगळे हॉलकडे निघाले. तुमच्यातल्या एकाने ऑफिसात जायचं आणि नोंद डोळ्याने वाचायची: बाळाचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव, धर्मपालक, तारीख. चूक त्या दिवशी दोन मिनिटांत निघते. सात वर्षांनी प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी निघाली तर अर्ज, पुरावे आणि फेऱ्या. दाखल्याच्या दोन प्रती मागा. ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांत प्रवेशाला बऱ्याचदा तो लागतो. दाखला लॅमिनेट करू नका, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि वहीतला नोंद क्रमांक लसीच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवा. ते कार्ड आई कधी हरवत नाही.

हॉलमध्ये बाळ तासभर पुष्कळ झालं. स्पीकरपासून लांबची खोली पाजायला ठेवा, आणि गालांचे पापे घेणाऱ्यांना पायांचे घ्यायला सांगा.

९. नंतर

कपाळावरची ती क्रूसाची खूण फक्त चर्चपुरती नाही. रोज झोपवताना अंगठ्याने तीच करा. त्याला पाच सेकंद लागतात. दीड-दोन वर्षांचं मूल स्वतः कपाळ पुढे करू लागतं. पूर्ण रोझरी (जपमाळेची प्रार्थना) तान्ह्या बाळासोबत जमत नाही म्हणून सोडून देऊ नका. एक दशक, म्हणजे एक 'आमच्या बापा', दहा 'नमो मारिया' आणि एक त्रैक्याची स्तुती, पाजताना तीन-चार मिनिटांत होतं.

मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या वाढदिवशी दरवर्षी थोडा वेळ पेटवायची असते, तेव्हा ती टिकायला हवी. प्लास्टिकच्या पिशवीत झग्यासोबत माळ्यावर टाकली तर मे महिन्यात वाकते आणि मेण झग्याला लागतं. बटर पेपरमध्ये गुंडाळून, आडवी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. उंदीर असतील तर पत्र्याच्या डब्यात.